समुद्रापासून इतक्या दूर, नागपूरला राहून भौतिक समुद्रविज्ञानात करिअर करता येईल का?

तुम्ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, विषय भौतिकशास्त्र, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स आहेत, समुद्र आजवर एकदाच, शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला पाहिला आहे, पोहता येत नाही, आणि तरीही सागरी प्रवाहांचा अभ्यास करावा असे वाटते. ही माणसे दिवसभर नेमके काय करतात, नागपूरहून तिथवरची वाट कशी आहे, या कामावर घर चालते का, आणि मुलीला महिना महिना जहाजावर पाठवायला घरचे तयार होतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला. एम.एस्सी. नागपुरातच झाले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, मुलाखतीसाठी गोव्याला गेलो तेव्हा, आणि पुढची एकतीस वर्षे हेच काम केले. तेव्हा उत्तर थोडे लांबेल. ते सावकाश वाचावे.

अंतराचा मुद्दा आधी संपवतो. आपल्या देशाला समुद्राच्या स्थितीचे अंदाज, मच्छीमारांना माशांच्या संभाव्य जागांची माहिती आणि त्सुनामीचा इशारा देणारी संस्था, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र म्हणजे इन्कॉइस, हैदराबादेत आहे. पावसाळ्याचा आणि त्याला जोडलेल्या महासागराचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यात आहे, सागरी उपग्रहांच्या उपकरणांवर काम करणारे अवकाश उपयोग केंद्र अहमदाबादेत आहे, आणि वायुमंडल व महासागर यांचे एक उत्तम अध्यापन केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. यांपैकी एकाही शहराला समुद्रकिनारा नाही. गोव्यातील दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, चेन्नईत राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आहे, कोचीत नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आहे, हे खरे; पण तिथेही शास्त्रज्ञाच्या टेबलावर लाटा येत नाहीत, आकडे येतात. समुद्राजवळ राहणे ही या कामाची अट नाही. समोर आलेल्या आकड्यावर संशय घेऊन तो कसा मोजला गेला याच्या मुळाशी जाण्याची चिकाटी ही मात्र अट आहे, आणि माझ्या पाहण्यात या क्षेत्रातून परत गेलेली बहुतेक मुले समुद्राला नव्हे, या चिकाटीला कंटाळून गेली.

शिवाय नागपूर समुद्रापासून तुटलेले आहे हेही पूर्ण खरे नाही. नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा यांची मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. (नाग नदीतून आज काय वाहते हे नागपूरकरांना सांगायला नको, पण पाणी तर जाते.) गोदावरी, महानदी, इरावती आणि सर्वांत अधिक म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रा यांच्या पाण्यामुळे, आणि उपसागरावर पडणाऱ्या पावसामुळे, तेथील वरचा थर कमी खारट आणि म्हणून हलका राहतो. हा हलका थर खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखा बसतो. वारा कितीही घुसळत असला तरी खालचे थंड पाणी सहजासहजी वर येत नाही. परिणामी पावसाळ्यातही उपसागराचा पृष्ठभाग साधारण २८ अंशांच्या वर उबदार राहतो, तर त्याच महिन्यांत पश्चिम आणि मध्य अरबी समुद्र बराच थंड होतो. उबदार पृष्ठभागामुळे कमी दाबाची क्षेत्रे उपसागरावर वारंवार तयार होतात, ती वायव्येकडे सरकतात आणि विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये जी झड लागते तिचा मोठा वाटा त्यांचाच असतो. म्हणजे नद्यांचे गोडे पाणी, समुद्राचा वरचा थर आणि आपल्या सोयाबीन-कापसावरचा पाऊस यांची एक साखळी आहे, आणि या साखळीच्या मधल्या कडीचा अभ्यास म्हणजे भौतिक समुद्रविज्ञान.

आता या शास्त्रातला खरा विषय. समुद्रात पाणी का आणि कसे वाहते, याचे उत्तर आपल्या रोजच्या अनुभवाच्या उलट जाते. नदीत पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते. समुद्रात पृष्ठभाग एका बाजूला किंचित उंच असेल तर पाणी उताराने खाली धावायला निघते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळत जाते आणि अखेरीस उताराला आडवे वाहू लागते. दाबाचा जोर आणि फिरण्यामुळे येणारा जोर एकमेकांना तोलून धरतात. याला भूविक्षेपी समतोल म्हणतात. हा उतार किती? नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २१.१ अंशांवर, पूर्वेकडे गेल्यास ओडिशाचा किनारा लागतो. तेथे सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा प्रवाह असेल तर त्याच्या आडव्या दिशेने १०० किलोमीटरमागे समुद्राची पातळी सुमारे २७ सेंटिमीटरने बदललेली असते. हा हिशेब तुम्ही बी.एस्सी.च्या गणितावर स्वतः करून पाहू शकता. १०० किलोमीटरमध्ये वीतभर उतार! जहाजाच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसणे अशक्य आहे, पण उपग्रहाला मोजता येतो. १९९२ साली टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह गेल्यापासून समुद्राच्या पातळीची अशी मोजणी अखंड चालू आहे. २०१३ साली भारत आणि फ्रान्स यांनी मिळून सोडलेला सरल हा उपग्रह त्याच मालिकेतला.

वाऱ्याचे कामही असेच तिरके असते. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी फ्राम हे आपले जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात अडकू दिले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता वाऱ्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्याचे गणित एकमन या तरुण स्वीडिश संशोधकाने केले आणि १९०५ साली ते सर्वत्र पोहोचले: वरच्या थरात एकूण जितके पाणी हलते ते उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जाते. या एका निष्कर्षाने सोमालियाच्या आणि केरळच्या किनाऱ्याजवळ पावसाळ्यात खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर का येते आणि तिथे मासळी का वाढते, याचा उलगडा होतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की एकमनचे समीकरण पाठ करण्याआधी नान्सेन यांची नोंदवही डोळ्यांसमोर आणा. आधी कोणीतरी बर्फाची दिशा रोज इमाने इतबारे लिहून ठेवली होती, म्हणून पुढे गणिताला धरायला काहीतरी मिळाले.

हिंद महासागर हा या विषयातला सर्वांत गंमतीचा भाग आहे, आणि आपल्या देशातल्या संशोधकाला इथे घरचे अंगण मिळाल्यासारखे आहे. अटलांटिक आणि प्रशांत महासागरांतले मोठे प्रवाह वर्षभर साधारण एकाच दिशेने वाहतात. ते पश्चिमेच्या किनाऱ्याजवळ अरुंद आणि वेगवान का होतात, याचे उत्तर हेन्री स्टोमेल यांनी १९४८ साली दिले. आपल्या समुद्रात मात्र वर्षातून दोनदा वारे उलटतात आणि त्यांच्याबरोबर प्रवाहही. सोमाली प्रवाह नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत ईशान्येकडे सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाने वाहतो आणि हिवाळ्यात उलट फिरतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे असतो. विषुववृत्तावर वर्षातून दोनदा, दोन मोसमांच्या मधल्या काळात, पूर्वेकडे एक वेगवान झोत वाहतो. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ साली तो दाखवून दिला म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की गोव्याच्या किनाऱ्यावर जो प्रवाह मोजला जातो त्याचे कारण गोव्याच्या वाऱ्यात सापडेलच असे नाही. बंगालच्या उपसागरावर वारा वाहतो, त्याने समुद्राच्या आतल्या थरांत एक लहर उठते, ती किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे सरकते, श्रीलंकेला वळसा घालते आणि पश्चिम किनाऱ्याने वर चढते. या लहरींना केल्विन लहरी म्हणतात आणि त्या दिवसाला साधारण २०० किलोमीटर जातात. भारताभोवतीच्या किनारी प्रवाहांचे चित्र असे दुरून चालणाऱ्या लहरींच्या आधारे जुळवण्यात गोव्यातल्या संशोधकांचा, विशेषतः सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, मोठा वाटा आहे. मी कामाला लागलो तेव्हा ही कल्पना माझ्या गळी उतरायला वर्ष गेले. तोवर मी रोजचा स्थानिक वारा आणि रोजचा प्रवाह यांचा आलेख एकावर एक ठेवून त्यांचा संबंध शोधत बसे, आणि तो लागत नसे.

मोजमाप कसे होते, हे तुम्ही थेट विचारले नसले तरी खरे उत्तर तिथेच आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घालवतो.

जहाजावरचे मुख्य उपकरण म्हणजे सीटीडी. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब हे तीन आकडे ते खाली जाताना सतत मोजते. वाहकतेवरून क्षारता निघते, दाबावरून खोली, आणि तिन्ही मिळून घनता. त्याच्याभोवती गोल चौकटीत बारा किंवा चोवीस बाटल्या बसवलेल्या असतात, त्या ठरलेल्या खोलीवर बंद करून तिथले पाणी वर आणायचे. जाड केबलवर विंचने हे सगळे सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने सोडतात, म्हणून ४००० मीटर खोल जागी एक फेरी खाली-वर करायला अडीच-तीन तास लागतात. तेवढा वेळ जहाज एका जागी धरून ठेवावे लागते. एक स्टेशन झाले की पुढचे, मग रात्र असो वा पहाट. समुद्रातले लोक बारा ते चार, चार ते आठ आणि आठ ते बारा अशा पाळ्यांत काम करतात, आणि शास्त्रज्ञही त्यात बसतात. रात्री बारा ते चारची पाळी नव्या मुलांच्या वाट्याला येते. ती मी अकरा क्रूझमध्ये केली.

दुसरी पद्धत मूरिंगची. समुद्रतळावर जड नांगर, त्याला बांधलेला काही किलोमीटरचा दोर, दोरावर ठरावीक अंतराने बसवलेले तापमापक आणि प्रवाहमापक, आणि दोर ताठ राहावा म्हणून वरच्या टोकाला तरंगते गोळे. हे वर्षभर समुद्रात सोडून द्यायचे, मग परत येऊन ध्वनीचा संकेत पाठवायचा म्हणजे तळाजवळची कडी सुटते आणि सगळी माळ वर येते. कधी येतही नाही. हिंद महासागरात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना अशा नांगरलेल्या बोयांची (म्हणजे तरंगत्या मोजमाप केंद्रांची) रामा नावाची आंतरराष्ट्रीय जाळी आहे, आणि उत्तर हिंद महासागरात चेन्नईच्या संस्थेचे बोये आहेत.

याच मूरिंगच्या आकड्यांनी मला पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी चांगले तोंडघशी पाडले. एका तापमापकाच्या नोंदीत दर दोन-तीन आठवड्यांनी तापमान अचानक दोन अंशांनी उतरायचे आणि चार-पाच दिवसांनी पूर्ववत व्हायचे. थंड पाण्याचे झोत! मी तीन महिने त्यांचा सिद्धांत मांडत होतो, आकृत्या काढल्या, गटाच्या बैठकीत सांगायची तयारी केली. आमच्या कार्यशाळेतल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी आकृती पाहिली आणि एवढेच विचारले, “दाबाची नोंद काढून पाहिली का?” पाहिली. प्रवाह जोरात आला की मूरिंगचा दोर वाऱ्याने वाकणाऱ्या उसासारखा कलत होता आणि तापमापक मूळ जागेपेक्षा चाळीस मीटर खाली जात होता. पाणी थंड झालेच नव्हते, मापकच थंड पाण्यात गेला होता. त्या तीन महिन्यांतून एक ओळही छापण्याजोगी निघाली नाही. पण नंतरच्या सर्व वर्षांत कोणत्याही आलेखाकडे पाहताना माझा पहिला प्रश्न तोच राहिला: मापक कुठे होता?

तिसरी पद्धत तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची, कारण तिचे आकडे तुम्हाला नागपुरात बसून आजच मिळू शकतात. अर्गो फ्लोट हे माणसाच्या उंचीच्या आसपासचे नळकांडे असते. ते १००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर तरंगत राहते, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जाऊन तिथून वर येताना तापमान आणि क्षारता मोजते, पृष्ठभागावर येऊन उपग्रहामार्फत आकडे पाठवते आणि पुन्हा बुडते. बॅटरी संपेपर्यंत चार-पाच वर्षे हेच चालते. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या या उपक्रमात नोव्हेंबर २००७ मध्ये ३००० फ्लोटचे उद्दिष्ट पूर्ण झाले आणि आज जगभरात सुमारे ४००० फ्लोट काम करत आहेत. भारत त्यात सुरुवातीपासूनच्या भागीदारांपैकी आहे. पूर्वी पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्राच्या पोटातली नोंद फारच दुर्मीळ असे, कारण त्या दिवसांत जहाजे जाणेच टाळत. फ्लोटला पावसाळा आणि उन्हाळा सारखाच. आकडे साधारण एका दिवसात सर्वांसाठी खुले होतात. मात्र ते कच्चे असतात. क्षारतेचा मापक पाण्यात काही वर्षे राहिला की हळूहळू ढळू लागतो आणि खरे पाणी असेल त्यापेक्षा अधिक किंवा कमी खारट दाखवू लागतो, म्हणून तज्ज्ञ माणूस महिन्यांनंतर बसून जवळच्या चांगल्या नोंदींशी ताडून ते दुरुस्त करतो. हे दुरुस्तीचे काम कोणाच्या नावावर झळकत नाही. तरी पृथ्वी तापताना अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते, हे आपण ज्या खात्रीने म्हणतो ती खात्री या कंटाळवाण्या कामावरच उभी आहे.

यावरून दिवसभर काय करतात याचा अंदाज आला असेल. वर्षातले फार तर दीड-दोन महिने जहाजावर, आणि अनेकांच्या बाबतीत तेही नाही. बाकी वेळ संगणकापुढे: आकडे तपासणे, पायथॉन किंवा फोर्ट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिणे, महासागराचे संगणकीय मॉडेल चालवणे, मॉडेल आणि निरीक्षण जुळत का नाही यावर डोके आपटणे, शोधनिबंध लिहिणे, परीक्षकांनी तो परत पाठवला की पुन्हा लिहिणे. मॉडेल करणारे आणि मोजमाप करणारे असे दोन तट या क्षेत्रात पडलेले दिसतात आणि दोघेही एकमेकांना किंचित कमी लेखतात. माझे मत स्पष्ट आहे: तुम्ही पुढे मॉडेलच करणार असलात तरी एक तरी क्रूझ करावी आणि एक तरी उपकरण स्वतःच्या हाताने कॅलिब्रेट करावे, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडून पाहावे, नाहीतर मॉडेलमधून निघालेल्या सुंदर रंगीत नकाशाला तुम्ही समुद्र समजू लागता.

जहाजाबद्दल. पोहता येणे ही शास्त्रज्ञ होण्याची अट नाही. तरीही शिकून घ्या, नागपुरात जलतरण तलाव पुष्कळ आहेत. जहाजावर चढल्यावर आधी सुरक्षेची कवायत होते, जीवनरक्षक जाकीट घालून ठरलेल्या जागी उभे राहावे लागते, आणि डेकवर काम करताना हेल्मेट व जाकीट सुटत नाही. समुद्र लागतो. मला पहिल्या क्रूझमध्ये तीन दिवस पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता, आणि घरून आणलेल्या सावजी मसाल्याच्या डब्याचे झाकण उघडले एवढ्याने केबिनमधल्या सोबत्यालाही भरून आले. चौथ्या दिवशी शरीर वळणावर येते. थोड्या जणांचे येत नाही, आणि तसे झाले तर मोजमापाऐवजी मॉडेल किंवा उपग्रहाच्या आकड्यांचे काम निवडता येते, त्यात कमीपणा काही नाही.

घरच्यांच्या काळजीबद्दल एक माहिती सांगतो, ती त्यांनाही सांगा. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक, अदिती पंत, यांचा जन्म १९४३ सालचा आणि नागपूरचा. त्या सागरी जीवशास्त्राच्या बाजूच्या, म्हणजे माझ्या विषयाच्या शेजारच्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर त्या गेल्या. आज आपल्या संशोधन जहाजांवर मुली नियमित असतात, त्यांच्यासाठी वेगळ्या केबिन असतात आणि काही क्रूझच्या मुख्य शास्त्रज्ञ स्त्रियाच असतात. सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. जहाज ही लहान आणि बंद जागा आहे. जाण्याआधी त्या गटातल्या पूर्वी जाऊन आलेल्या मुलींशी मोकळेपणाने बोलून घ्या, कारण कोणत्या गटाबरोबर जाणे सोयीचे आणि कोणत्या नाही हे त्याच सांगू शकतात.

शिक्षणाच्या वाटेबद्दल. मुले मला विचारतात की बी.एस्सी.नंतर लगेच समुद्रविज्ञानाची एम.एस्सी. करावी का. कोचीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ, विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ, गोवा विद्यापीठ अशा ठिकाणी हे शिक्षण चांगले मिळते आणि तिकडे गेल्यास नुकसान नाही. पण तुमच्यासारखीला, जिचे भौतिकशास्त्र आणि गणित सध्या चालू आहे तिला, मी भौतिकशास्त्रात किंवा उपयोजित गणितात एम.एस्सी. करायला सांगेन, आणि ती नागपुरात केली तरी चालेल. समुद्राची माहिती नंतर दोन वर्षांत मिळवता येते. आंशिक विकलक समीकरणे, सदिश कलनशास्त्र, फूरिए विश्लेषण आणि संख्याशास्त्र एकदा हुकले की तिशीत पुन्हा शिकताना फार जड जाते. द्रवगतिकी बहुतेक अभ्यासक्रमांत जेमतेम एक प्रकरण असते, ती स्वतः वाचावी लागेल. इलेक्ट्रॉनिक्स सोडू नका. आपल्याकडे समीकरणे सोडवणारे पुष्कळ आहेत, पण उपकरण उघडून त्यात काय बिघडले हे सांगणारे थोडे, आणि म्हणून अशा माणसाला गट हातचा जाऊ देत नाहीत.

एम.एस्सी.नंतर पीएच.डी.च्या छात्रवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा. त्यात भौतिकशास्त्राचा पेपर चालतो, किंवा पृथ्वी, वायुमंडल, महासागर आणि ग्रहविज्ञानाचा वेगळा पेपर आहे. गेटमध्येही अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात वायुमंडल आणि महासागर यांचा विभाग घेता येतो. खरगपूर, दिल्ली आणि भुवनेश्वर येथील आयआयटींत या विषयाचे विभाग आहेत.

पैशाबद्दल आडपडदा ठेवत नाही. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे अशी आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, त्यानंतर बहुतेक जण दोन ते चार वर्षे देशात किंवा परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे मुदतीचे संशोधन, करतात. म्हणजे कायमची नोकरी लागली तर ती तिशी ओलांडल्यावर, आणि कायमच्या जागा थोड्या आहेत. मधल्या काळात प्रकल्पावरच्या कंत्राटी जागा असतात. त्या प्रकल्प संपला की संपतात. माझ्या बरोबरीच्या एका हुशार मुलाने अशा तीन कंत्राटांनंतर हे क्षेत्र सोडले, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. पगार मिळू लागल्यावर तो केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञाचा असतो, म्हणजे संसार नीट चालतो. त्याआधीच्या दहा वर्षांत घरून तगादा लागला तर माणूस खचतो, म्हणून घरच्यांशी हे आत्ताच, आकड्यांसह बोलून ठेवा.

संशोधन संस्थांखेरीज नोकऱ्या आहेत आणि त्यांकडे मुले दुर्लक्ष करतात. बंदरे, समुद्रातले तेल-वायू उत्खनन, समुद्राखालून जाणाऱ्या नळवाहिन्या आणि केबल, किनाऱ्याजवळच्या पवनचक्क्या या सगळ्यांना लाटा, प्रवाह आणि भरती-ओहोटीचा हिशेब लागतो, आणि तो करणाऱ्या सल्लागार कंपन्या आहेत. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र बंदरांच्या प्रतिकृतींवर आणि मॉडेलवर काम करते. २०२१ साली मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेमुळे उपकरणांच्या बाजूला मागणी वाढली आहे. शिवाय ज्याला हजारो वेळच्या नोंदींतून खरी खूण आणि गोंगाट वेगळा करता येतो, त्याला हवामान अंदाज किंवा विमा क्षेत्रातही काम मिळते.

आता यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत करण्यासारखे काम सांगतो. अर्गोच्या खुल्या संग्रहातून ऑगस्ट महिन्यातला एक फ्लोट मध्य अरबी समुद्रातला निवडा आणि एक उत्तर बंगालच्या उपसागरातला. दोघांचेही वरच्या २०० मीटरचे तापमान आणि क्षारता यांचे आलेख काढा. दोन्ही समुद्र जवळपास एकाच अक्षांशावर, एकाच मोसमात आहेत, तरी एकीकडे क्षारता ३६ च्या आसपास (म्हणजे किलोभर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार) दिसेल आणि दुसरीकडे वरच्या थरात ३३ किंवा त्याहून कमी. मग दोन्ही ठिकाणची घनता काढा. त्यासाठी तयार आणि मोफत पायथॉन संच मिळतात, पण एक-दोन बिंदू हाताने काढून ताळा घ्या. उपसागरात तापमान सारखे असलेला थर आणि घनता सारखी असलेला थर यांची जाडी वेगवेगळी येईल. ती का वेगळी आली यावर दोन पाने मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिताना आपण वाचलेली वाक्ये उतरवतो. मराठीत लिहिताना न समजलेली जागा लगेच उघडी पडते. शेवटी फ्लोटच्या नोंदीतल्या गुणवत्तेच्या खुणा पाहा आणि कोणते बिंदू संशयास्पद म्हणून टाकून दिले आहेत, का दिले असतील, ते शोधा.

हे झाले की उन्हाळी प्रकल्पासाठी शास्त्रज्ञांना पत्र लिहा. आम्हाला अशी पत्रे वर्षाला शेकड्याने येत, “मला समुद्राची लहानपणापासून आवड आहे” अशी सुरुवात करून गुणपत्रिका जोडलेली, आणि ती वाचायची सवड कोणाला नसे. ज्या पत्रात स्वतः काढलेला एक आलेख, त्यातली एक न उलगडलेली गोष्ट आणि त्याबद्दल एक नेमका प्रश्न असे, त्याला मी त्याच दिवशी उत्तर देई, मग पत्र कुठल्याही गावाहून आलेले असो. पत्र जानेवारीच्या आत पाठवा, कारण उन्हाळ्याच्या जागा मार्चपर्यंत भरतात. आणि एका वेळी तीन-चार जणांनाच, प्रत्येकाचे काम वाचून लिहा.